सहा की सतरा?

अ‍ॅरिझोनात घरात बंदूक असणं म्हणजे आपल्याकडे घरात मिक्सर असण्याइतकं नॉर्मल! शेजारी चोरी झाली आणि आमच्याही डायनिंग टेबलवर विषय निघाला. घ्यायची का? घ्यायची तर कुठली? काउबॉयच्या कमरेला लटकणारं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर, की पोलिसांकडे असतं तसं सतरा गोळ्यांचं पिस्तूल? दोन्ही चालवून पाहिली. त्याचीच ही गोष्ट.

मंगळवारची सकाळ. सव्वाआठचा कॉल, लेकीची स्कूलबस, तव्यावर पोळी आणि नवऱ्याचे मोजे सापडत नाहीत. थोडक्यात, नेहमीसारखीच. तेवढ्यात खिडकीतून दिसलं, शेजारच्या घरासमोर पोलिसांची गाडी उभी आहे.

रात्री कुणीतरी मागच्या अंगणातलं काचेचं सरकतं दार उघडून आत शिरलं होतं. लॅपटॉप, पर्स, गाडीची किल्ली उचलली आणि पसार. शेजारचे आजी-आजोबा वरच्या मजल्यावर गाढ झोपेत. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण ‘आम्ही झोपलो होतो आणि तो खाली फिरत होता’ हे त्या आजी ज्या आवाजात सांगत होत्या, तो आवाज काही माझ्या डोक्यातून जाईना.

आम्ही फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. आयटीवाल्यांचं गाव. दिवाळीत गल्लीतले आकाशकंदील मोजायला निघालात तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. असल्या ठिकाणी काही होत नाही, असा आमचा समज. त्या मंगळवारनंतर नवरा रात्री तीन-तीनदा कड्या तपासायला लागला. आणि शनिवारी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता म्हणाला, “आपण एक गन घेऊ या.”

मी म्हटलं, “अरे, तुला डास मारायची बॅट नीट चालवता येत नाही!”

हसलो दोघंही. पण तो सीरियस होता. आणि खरं सांगू? माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

आधी कायदा

ऑनसाइट येणाऱ्या मंडळींनी हे नीट वाचावं. इथे दुकानात बंदूक सहज दिसते, म्हणून ती सगळ्यांसाठी आहे असं नाही. एच-१बी, एल-१, स्टुडंट किंवा टुरिस्ट व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते, असे काही मोजके अपवाद आहेत. ‘रेंजवर जाऊन एक फोटो काढू’ एवढ्यासाठी भाड्याची गन हातात घेतली, तरी ती बाळगणंच झालं. मित्राच्या हौसेपायी स्वतःचा व्हिसा धोक्यात घालू नका.

आमचं ग्रीन कार्ड अकरा वर्षं ताटकळून एकदाचं हातात पडलं होतं, म्हणून प्रश्न पडायची तरी मुभा. दुकानात फॉर्म भरायचा, सरकारी यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासली जाते, आणि सगळं ठीक असेल तर बऱ्याचदा त्याच दिवशी गन घरी. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यासाठी पोलिसांचा अहवाल, अर्जात कारण, नंतर वाट बघणं… त्या हिशेबात हे म्हणजे पिझ्झा मागवण्यासारखंच वाटलं.

सोमवारी ऑफिसमध्ये विषय काढला, तर कॉफी मशिनपाशी लगेच दोन पार्ट्या पडल्या. आमच्या टेस्टिंग टीममधला एक जण वीकेंडला काउबॉय हॅट घालून नेमबाजीच्या स्पर्धांना जातो. त्याचं म्हणणं, “सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर घ्या. दीडशे वर्षं चाललंय, अजूनही चालेल.” बाकी सगळे त्याला हसत होते. “विसाव्या शतकाच्या आधीची टेक्नॉलॉजी? सेमी-ऑटोमॅटिक घ्या आणि मोकळे व्हा.”

सिंगल-अ‍ॅक्शन? सेमी-ऑटोमॅटिक? माझ्यासाठी सगळंच बाउन्सर! माझी आणि बंदुकीची ओळख तोवर दोनच ठिकाणची: जत्रेतले फुगे आणि दिवाळीतल्या टिकल्या.

टिकली आणि रोल

पण गंमत बघा, हा सगळा फंडा त्या टिकल्यांमध्येच आहे.

आठवतंय? लहानपणी एक साधी बंदूक असायची. घोडा मागे ओढायचा, एक टिकली ठेवायची, चाप दाबायचा. टॅप! पुन्हा घोडा ओढा, पुन्हा टिकली ठेवा. आणि एक रोलवाली असायची. रोल आत घातला की चाप दाबत सुटायचं. टॅप टॅप टॅप! मात्र रोल अडकला की मामाकडे पळायचं.

सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर म्हणजे पहिल्या बंदुकीचा मोठा भाऊ. काडतुसं एका फिरत्या चक्रात बसतात. त्याला इंग्रजीत सिलिंडर म्हणतात, पण माझ्या डोळ्यांसमोर लाल गॅस सिलिंडरच येतो, म्हणून आपण चक्रच म्हणू. ‘शोले’मध्ये गब्बर फिरवतो तेच ते. अंगठ्यानं घोडा मागे ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं आणि काडतूस नळीसमोर येतं. चाप दाबला की घोडा पडतो, गोळी सुटते. चापाचं काम एकच, घोडा सोडणं. म्हणून सिंगल-अ‍ॅक्शन. पुढची गोळी हवी? पुन्हा अंगठा, पुन्हा घोडा. (ज्यात चाप दाबला की घोडा आपोआप मागे जातो आणि पडतोही, ते डबल-अ‍ॅक्शन. पोलिसांकडे वर्षानुवर्षं असायचं ते बहुधा हेच.)

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल म्हणजे रोलवाली. काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली. गोळी सुटली की तिच्याच जोरानं वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे जातो. रिकामी पुंगळी बाहेर उडते, आणि स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं नवीन काडतूस नळीत ढकलते. हे सगळं पापणी लवायच्या आत. आपण फक्त प्रत्येक वेळी चाप दाबायचा. एका दाबाला एक गोळी, म्हणून ‘सेमी’.

तीन सालं लक्षात ठेवा

१८७३, १९११ आणि १९८२. बास, एवढ्यात सगळा इतिहास आला.

१८७३ मध्ये कोल्ट कंपनीचं ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ अमेरिकी सैन्यात आलं. सहा घरं, .४५ ची जाडजूड गोळी. वेस्टर्न सिनेमातला हिरो कमरेला जे लावून फिरतो, ते हेच. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कोल्टनं ते बनवणं बंद केलं होतं. पण पन्नाशीच्या दशकात टीव्हीवर काउबॉय मालिकांचा पूर आला, लोक दुकानात जाऊन ‘तेच हवं’ म्हणायला लागले आणि १९५६ मध्ये कंपनीला ते पुन्हा बाजारात आणावं लागलं. ग्राहकराजा!

१९११ मध्ये जॉन ब्राउनिंग या अवलियानं बनवलेलं .४५ चं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल सैन्यानं घेतलं. फिलिपाइन्सच्या लढायांमध्ये सैन्याची नवी .३८ ची रिव्हॉल्वरं कमी पडली आणि गोदामातली जुनी .४५ पुन्हा बाहेर काढावी लागली, त्यातून आलेलं हे शहाणपण. मॅगझिनमध्ये सात गोळ्या. सालावरूनच त्याचं नाव पडलं ‘१९११’ आणि १९८५ पर्यंत ते सैन्याचं मुख्य पिस्तूल होतं. आहे आपल्या कुठल्या फोनची एवढी लाइफ?

१९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ‘ग्लॉक १७’ निवडलं. पॉलिमरची, म्हणजे मजबूत प्लास्टिकची बॉडी, मॅगझिनमध्ये सतरा गोळ्या आणि रिकाम्या मॅगझिनसकट वजन साधारण ७०० ग्रॅम. जुनं कोल्ट सहा गोळ्यांसाठी किलोभर वजन वागवतं!

दोन्हींतला फरक एका माणसाला चांगलाच कळला असणार. दुसऱ्या महायुद्धात गाजलेला जनरल पॅटन १९१६ मध्ये साधा लेफ्टनंट होता. मेक्सिकोतल्या एका चकमकीत त्याच्याकडे होतं ते सिंगल-अ‍ॅक्शन कोल्ट. सैन्यानं १९११ घेऊन पाच वर्षं झाली होती, तरी पठ्ठ्यानं आपलं लाडकं रिव्हॉल्वर सोडलं नव्हतं. तो वाचला, जिंकलाही. पण ऐन गोळीबारात आडोसा धरून एकेक काडतूस भरायची वेळ त्याच्यावर आली.

एकेक काडतूस भरणं म्हणजे काय, हे मला पुढच्याच शनिवारी कळलं.

क्लासचा पहिला दिवस

आमच्या इन्स्ट्रक्टर बाई साठीच्या पुढच्या. रिटायर्ड पोलीस. दिसायला शाळेतल्या गणिताच्या बाईंसारख्या आणि शिस्तही तीच. पहिला तासभर त्यांनी गनला हातच लावू दिला नाही. जेफ कूपर नावाच्या माजी मरीन अधिकाऱ्याचे चार नियम पाठ करून घेतले. त्यानं अ‍ॅरिझोनातच, पॉल्डन गावी १९७६ मध्ये नेमबाजीची शाळा काढली आणि ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ हा खेळही त्याच वर्षी त्याच्याच पुढाकारानं आंतरराष्ट्रीय झाला. नियम असे: प्रत्येक गन भरलेलीच आहे असं धरा. जे उद्ध्वस्त झालेलं चालणार नाही, त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. आणि समोर काय आहे, त्याच्यामागे काय आहे, याची खात्री करा.

चौथा नियम त्यांनी माझ्या नवऱ्याकडून तीनदा म्हणून घेतला. का, ते तेव्हा कळलं नाही.

मग रिव्हॉल्वर. सुरुवात .२२ च्या छोट्या गोळीनं, नंतर .४५. घोडा ओढताना येणारा तो ‘कट्-कट्’ आवाज… काय सांगू! हातात यंत्र नाही, एखादं जुनं भिंतीवरचं घड्याळ असल्यासारखं वाटतं. चाप अगदी हलका, नेमका. सात यार्डांवर माझ्या पहिल्या पाच गोळ्या एका पोळीच्या आकारात बसल्या. नवऱ्याच्या? पोळपाटाच्या बाहेर!

झटक्याचंही नवल वाटलं. .४५ म्हणजे हात उखडणार, अशी माझी तयारी होती. पण त्या वळणदार मुठीमुळे रिव्हॉल्वर हातातल्या हातात वर फिरतं आणि धक्का वाटून जातो. शिवाय वर फिरलं की घोडा आपोआप अंगठ्याजवळ येतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला डिझाइन कळत नव्हतं, असं कोण म्हणेल?

आता पुन्हा भरणं. घोडा अर्ध्यावर आणायचा. उजव्या बाजूची छोटी झडप उघडायची. नळीखालच्या दांडीनं एक रिकामी पुंगळी ढकलून काढायची. चक्र एक घर फिरवायचं. दुसरी पुंगळी. असं करत सगळी रिकामी. मग तसंच एकेक भरायचं. मला सव्वा मिनिट लागलं आणि दोन काडतुसं खाली पडली ती वेगळीच. बाई घड्याळाकडे बघत शांतपणे म्हणाल्या, “आणि आत्ता तुमच्यावर कुणी ओरडतसुद्धा नाहीये.”

दुपारी ९ एमएमचं पिस्तूल हातात आलं. मॅगझिन संपलं, बटण दाबलं, ते खाली पडलं, दुसरं घातलं, स्लाइड सोडली. पहिल्याच दिवशी पाच-सहा सेकंदांत! फट फट फट गोळ्या जातात आणि एकदम पॉवरफुल वाटतं. नवरा तर असा खूश, जणू नवी बाइक मिळाली.

पण नवव्या गोळीला माझं पिस्तूल गप्प. रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकलेली. रोल अडकला! चूक माझीच. मनगट ढिलं पडलं होतं, स्लाइडला मागे जायला आधारच मिळाला नाही. मामाही नव्हता जवळ. बाईंनी मॅगझिनच्या बुडाला थाप मारून स्लाइड मागे खेचायला शिकवलं. सोपं आहे, पण हाताला वळण लागेपर्यंत शेकडो वेळा करावं लागतं. रिव्हॉल्वरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर? घोडा ओढा, पुढचं घर हजर. बस.

प्रगतिपुस्तक

तीन शनिवार झाल्यावर मी चक्क एक्सेल शीट केली. (सवय!) विषयवार निकाल असा:

गोळ्या: सहा विरुद्ध सतरा. त्यातही जुन्या पद्धतीच्या कोल्टमध्ये पाचच भरायच्या. कारण घोडा भरलेल्या घरावर टेकलेला असताना रिव्हॉल्वर पडलं तर गोळी सुटू शकते, म्हणून ते घर रिकामं ठेवायचं. रूगर कंपनीनं १९७३ मध्ये आपल्या रिव्हॉल्वरांत मध्ये सरकणारी एक पट्टी बसवली. चाप दाबल्याशिवाय घोड्याचा घाव काडतुसाच्या पिनेपर्यंत पोचतच नाही. अशा रिव्हॉल्वरात सहाही घरं भरता येतात. तरी सतराला सहा. पिस्तूल पास, रिव्हॉल्वर नापास.

वेग आणि भरणं: विचारूच नका.

एका हातानं वापर: अंधारात दुसऱ्या हातात फोन किंवा मूल असेल तर? पिस्तुलाला एक बोट पुरतं. सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये त्याच हाताच्या अंगठ्यानं घोडा ओढायचा, तेवढ्यात पकड सुटते.

बिघाड: इथे रिव्हॉल्वर पुढे. काडतूस कसलंही असो, कमी दारूचं की जास्त, चक्र हातानंच फिरतं. पिस्तुलाला मात्र योग्य काडतूस, चांगलं मॅगझिन आणि घट्ट मनगट लागतं.

कळतं का: पिस्तुलातलं मॅगझिन काढलं की नवशिक्याला वाटतं, झालं रिकामं. पण एक गोळी नळीत असू शकते! कित्येक अपघात असेच होतात. रिव्हॉल्वरमध्ये घोडा ओढलेला आहे की नाही, ते लांबूनही दिसतं. पण एकदा ओढलेला घोडा गोळी न झाडता खाली आणायचा असेल, तर अंगठ्यानं धरून चाप दाबत हळूच सोडावा लागतो. थरथरत्या हातानं ते करून बघा म्हणजे कळेल.

एकूण निकाल सरळ होता. माणसापासून बचावासाठी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल जास्त प्रॅक्टिकल. सैन्यानं आणि पोलिसांनी ते उगाच नाही घेतलं. मग सिंगल-अ‍ॅक्शन म्हणजे नुसता नॉस्टॅल्जिया? तसंही नाही.

रानात मात्र आजोबाच

टेस्टिंगवाला मित्र आम्हाला उत्तर फिनिक्समधल्या बेन एव्हरी रेंजवर घेऊन गेला. ‘विंटर रेंज’ नावाची काउबॉय नेमबाजीची मोठी स्पर्धा तिथे भरते. बघून डोळे फिरले! लांब झगे, बूट, हॅट, मिशा. प्रत्येकाला काउबॉय जमान्यातलं टोपणनाव. दोन सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरं, एक लिव्हरवाली रायफल आणि एक शॉटगन. आजोबा-नातू एकाच रांगेत. आणि जी माणसं वर्षानुवर्षं सराव करतात, त्यांची पाच लोखंडी टार्गेटं मी ‘एक’ म्हणेपर्यंत वाजून झालेली असतात.

तिथेच कळलं की हे रिव्हॉल्वर अजून ‘वापरातलं’ कुठे आहे. रूगर, फ्रीडम आर्म्ससारख्या अमेरिकी कंपन्या आजही ती बनवतात. शिकारी आणि अस्वलांच्या मुलखात हिंडणारे लोक .४४ मॅग्नम किंवा .४५४ कासुलसारखी दांडगी काडतुसं चालवणारी रिव्हॉल्वरं बाळगतात. एवढ्या ताकदीचं काडतूस पिस्तुलाच्या मुठीत मावणं आणि स्लाइडनं झेलणं अवघड, पण जाड चक्राला ते सहज पेलतं. शेतावर फिरणारा माणूस एका घरात सापासाठी छर्‍याचं काडतूस ठेवतो, बाकीच्यांत साधी. हातानंच चक्र फिरवायचं असल्यामुळे असली भेळ चालते. आणि नवशिक्याला .२२ चं सिंगल-अ‍ॅक्शन देतात, कारण प्रत्येक गोळीआधी थांबावंच लागतं.

मित्र हेच धरून बसला होता. “घोडा ओढायला लागतो ना, तेवढ्यात माणूस विचार करतो.” मला ते पटलं. बाईंना विचारलं, तर त्यांनी मान हलवली. “घाबरलेला माणूस घोडाही घाबरून ओढतो. थांबायचं कुठलीच गन शिकवत नाही.”

एवढं होऊन नवऱ्याचा निर्णय झाला होता. ९ एमएम पिस्तूल, सोबत बोटाच्या ठशानं उघडणारी छोटी तिजोरी. शनिवारी दुकानात जायचं ठरलं. गुरुवारी पुण्याहून सासूबाई आल्या.

पहाटे साडेतीन

शुक्रवारची रात्र. खाली काहीतरी वाजलं. मी जागी झाले, नवरा आधीच उठून बसलेला. पुन्हा आवाज. मागच्या दाराकडून.

मी फोन घेतला. त्यानं उशाजवळचा टॉर्च उचलला आणि क्लासमध्ये शिकवलं तसा दोन्ही हातांनी समोर धरून जिना उतरायला लागला. मी मागे. सरकत्या दारापाशी एक आकृती. दार अर्धवट उघडं. माझं काळीज तोंडात.

क्लिक! टॉर्च लागला.

“अरे, मी आहे! डोळ्यांवर काय मारतोस? साखर कुठे ठेवता रे तुम्ही?”

अ‍ॅरिझोनातले पहाटेचे साडेतीन म्हणजे पुण्यातले दुपारचे चार. चहाची वेळ! आईंनी आम्हाला जाग येऊ नये म्हणून दिवा लावला नव्हता आणि वाऱ्यासाठी दार सरकवलं होतं.

नवरा तिथेच पायरीवर बसला. बराच वेळ काही बोलला नाही. आईंनी चहा टाकला, तिघांनी प्यायला. आई झोपायला गेल्यावर मला म्हणाला, “मी बटण दाबलं अगं. आधी दाबलं. ‘कोण आहे’ हे विचारायचं नंतर डोक्यात आलं.”

चौथा नियम त्याच्याकडून तीनदा का म्हणून घेतला होता, ते कळलं.

शनिवारी आम्ही दुकानात गेलो नाही. टेबलवर बसून त्या एक्सेल शीटमध्ये नवा कॉलम घातला: ‘आमच्या घरात’. सहा वर्षांची लेक. वर्षातले सहा महिने आलटूनपालटून येणारे, जेटलॅगमध्ये रात्री फिरणारे दोघांचे आई-वडील. लाकूड आणि प्लास्टरबोर्डच्या पातळ भिंती, ज्यांतून ९ एमएमची गोळी सहज पलीकडे जाते. आणि पलीकडे लेकीची खोली. दर आठवड्याला रेंजवर जायला वेळ? रिलीजच्या आठवड्यात जिमला जात नाही आम्ही!

काही गोष्टी बाहेरूनही माहीत होत्या. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. २०२० मध्ये तिथल्या १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बंदुकीनं मोटार अपघातांना मागे टाकलं. तोवर हे फक्त पेपरातलं होतं. त्या कॉलममध्ये ते आमचं झालं.

सहा की सतरा, हा प्रश्नच मागे पडला. त्या रात्री एकही जास्त होती.

शेवटी घेतलं काय?

पुढच्या-मागच्या दारांच्या चौकटीला जाड पट्ट्या आणि तीन इंची स्क्रू. मागे हालचाल झाली की लागणारा दिवा. जिन्यात आणि किचनमध्ये रात्रभर मिणमिणणारे छोटे दिवे. आवाज आला तर काय करायचं ते ठरवलं: दोघांनी लेकीच्या खोलीत जायचं, दार लावायचं, ९११ ला फोन. एकदा करून पाहिलं, अकरा सेकंद लागले. आणि सरकत्या दारासाठी आईंनी सुचवलेला उपाय: जुन्या झाडूचा दांडा कापून खालच्या खाचेत आडवा टाकायचा. बाहेरून कितीही ओढा, दार हलत नाही. खर्च शून्य!

पुढे-मागे गन घेणारच नाही, अशी शपथ नाही घेतलेली. लेक मोठी झाली, आमचा सराव झाला, तर पुन्हा बघू. नवरा महिन्यातून एकदा बाईंकडे पिस्तूल शिकायला जातो. मी शेजारच्या लेनमध्ये भाड्याचं .२२ चं सिंगल-अ‍ॅक्शन घेते. पाच गोळ्या, एकेक भरायची, एकेक मारायची, एकेक पुंगळी काढायची. अर्धा तास ऑफिसची एकही मेल डोक्यात येत नाही. आजकाल माझ्या गोळ्या पुरीच्या आकारात बसतात!

परवा कॉफी मशिनपाशी टेस्टिंगवाल्यानं विचारलं, “मग? शेवटी काय घेतलंत, रिव्हॉल्वर की पिस्तूल?”

“झाडूचा दांडा,” मी म्हटलं.

तो हसला. मग कप ठेवून म्हणाला, “किती इंची कापलात? मागचं दार माझंही तसंच आहे.”